नारळीकर वाचताना झालेलं भांडण

मैत्रिणींनो, २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या वाचनगटाच्या लागोपाठ तीन बैठका भांडणात गेल्या. भांडण पदावरून नव्हतं, प्रवासभत्त्यावरून नव्हतं, कुणाच्या सुनेवरूनही नव्हतं. ते झालं जयंत नारळीकरांच्या कादंबऱ्यांवरून.

चिखली तालुक्यातल्या एका गावात आम्ही महिन्यातून एकदा जमतो. बचतगटातल्या बायका, दोन आशाताई, एक अंगणवाडी सेविका, एक निवृत्त शिक्षिका, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली एक मुलगी आणि मी. काहीजणी वाचतात, काहीजणी ऐकतात. त्याआधी आम्ही बायकांची आत्मचरित्रं वाचली होती. त्यावर डोळे पुसणं व्हायचं, भांडण कधी झालं नव्हतं. २० मे २०२५ ला नारळीकर गेल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या बाईंनी (शिक्षिकेला सगळा गाव बाईच म्हणतो) पुढच्या बैठकीला ‘वामन परत न आला’ आणला. मागून ‘प्रेषित’ आली, काही कथा आल्या.

खरं सांगायचं तर मी नाखूश होते. समाजकार्याची पदवी घेताना आम्हाला वास्तव वाचायला शिकवलं होतं. यंत्रमानव आणि परग्रह हे मुलग्यांच्या बक्षीस समारंभातलं वाचन, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. लहानपणी असलंच एक पुस्तक माझ्या भावाला बक्षीस मिळालं होतं. मला त्याच समारंभात मिळाला होता स्टीलचा डबा. पुस्तक मी चोरून वाचलं, डबा आई अजून वापरते.

पहिली ठिणगी टाकली त्या बी.एस्सी. झालेल्या मुलीनं. तिचं म्हणणं, नारळीकरांच्या लिखाणात बाई आहे, नाही असं नाही, पण गोष्टीची कळ फिरवणारा हात बाईचा नसतो. तिनं उदाहरण काढलं ‘धूमकेतू’ या कथेचं. दत्तदा नावाचा हौशी आकाशनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतो, तो पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं, शास्त्रज्ञ धावपळ करून संकट टाळतात. आणि त्या दत्तदाची बायको इंद्राणीदेवी? तिला धूमकेतू म्हणजे अपशकुन वाटतो. ती नातवाच्या हातून यज्ञ करवते आणि संकट टळलं ते यज्ञामुळेच असं तिचं ठाम मत असतं. ‘‘म्हणजे दुर्बीण नवऱ्याकडे आणि अंधश्रद्धा बायकोकडे,’’ मुलगी म्हणाली. ‘‘एवढ्या मोठ्या माणसाला दुसरी वाटणी सुचली नाही का?’’

बाई भडकल्या. त्यांच्या मते ज्या माणसानं आयुष्यभर अंधश्रद्धेशी झुंज घेतली त्याच्याविषयी असं बोलणं कृतघ्नपणाचं आहे. आणि त्यांच्याकडे पुरावा होता. नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे कुंडल्या जमवल्या. त्यातल्या काही काही प्रत्येक ज्योतिष्याकडे धाडल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर याहून थोडी जास्तच बरोबर आली असती. हा निबंध २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. ‘‘मंगळ कुणाच्या पत्रिकेत बघतात ग?’’ बाईंनी त्या मुलीलाच विचारलं. ‘‘पोराच्या मंगळापायी पोराचं लग्न मोडलेलं मी पाहिलं नाही. पोरीचं मोडलेलं डझनानं पाहिलंय. मग हा माणूस कुणाच्या बाजूनं लढला?’’

मुलगी गप्प झाली. तिला स्वतःला कडक मंगळ आहे, हे गटात सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या बैठकीला ती येते की नाही याची मला काळजी लागली. ती आली, आणि आल्या आल्या म्हणाली, ‘‘बाईंचं पटलं. पण माझंही खोटं नाही.’’

मैत्रिणींनो, माझं मत या वाक्यापाशी तयार झालं. एखादा लेखक आपल्या बाजूनं लढलेला असू शकतो आणि त्याच्या पुस्तकात आपण नीट उभ्या नाही असंही असू शकतं. चळवळीत आपल्याला यातलं एकच खरं मानायची सवय लागली आहे. माणूस आपला ठरला की त्याच्या चुकांवर पांघरूण, परका ठरला की त्याच्या पुस्तकाला हात लावायचा नाही.

इंद्राणीदेवीचंच घ्या. ती कथा मी पुन्हा वाचली. नवऱ्यानं घरात आणलेली दुर्बीण तिला सवतीसारखी वाटते, कारण नवरा रात्र रात्र तिच्यापाशी असतो. लेखकानं हे गमतीनं लिहिलं आहे. मला मात्र वाचताना वाटलं, इतकी महागाची वस्तू घरात आली आणि ‘‘ये, तूही बघ’’ असं तिला कुणी म्हटलंच नाही! जिला डोळा लावू दिला नाही ती यज्ञच करणार. आमच्या भागातल्या बायका उपास करतात, नवस बोलतात, ते त्यांच्या डोक्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. आजारी पोरासाठी त्यांच्या हाती दुसरं काही दिलेलं नसतं. अंगणवाडीच्या ताईंनी मात्र मला टोकलं. ‘‘अवो ताई, लेखकानं खोटं काय लिवलं? माझी सासू हुबेहूब अशीच हाय.’’ हेही खरंच. शिवाय यज्ञ सांगणारे गुरुजी पुरुषच असतात, ही बाब आमच्यातल्या एकीनं मागाहून, चहा पिताना काढली.

साहित्याच्या जगात नारळीकरांवरचा वाद वेगळाच आहे. तिथे म्हणतात, विज्ञान उत्तम पण पात्रं सपाट, भाषा सरळसोट, हे साहित्य म्हणायचं की धडे? २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हाही ही कुजबुज झाली. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला ते पद पहिल्यांदाच मिळत होतं. त्या वादात मला फारसा रस नाही. एवढंच सांगते की ज्या सरळसोट भाषेला नावं ठेवली जातात तिच्यामुळेच आठवी शिकलेल्या बाईला त्यांची कादंबरी ऐकून कळली. आम्ही त्याआधी एक गाजलेली, पुरस्कारप्राप्त कादंबरी घेतली होती. दोन प्रकरणांत अर्ध्या बायका पेंगल्या. (कोणती ते सांगत नाही.)

आता ‘वामन’कडे येते, कारण आमच्या गटात खरी गोष्ट तिथे घडली. जमिनीखाली खोलवर खणताना एका प्राचीन, आपल्याहून पुढारलेल्या संस्कृतीनं पुरून ठेवलेला ठेवा सापडतो. त्यातल्या ज्ञानावरून शास्त्रज्ञ एक बुद्धिमान यंत्रमानव घडवतात. तोच वामन. मदतीला म्हणून आलेला हा वामन हळूहळू डोईजड होऊ लागतो. बाईंनी तीन तास, मधे मधे थांबत, हे वाचून दाखवलं. आम्ही शिकलेल्या चौघी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’, ‘भविष्याचा इशारा’ असले शब्द फेकत होतो. कोपऱ्यात बसलेली एक शेतमजूर बाई तोवर काहीच बोलली नव्हती. ती म्हणाली, ‘‘परत न आला काहून म्हनता? आमच्या वावरात तं आला ना तो.’’

आम्ही विचारलं, कोण आला? तिचं उत्तर, ‘‘तननाशक.’’

मग तिनं सांगितलं. पूर्वी पावसाळ्याचे दोन-अडीच महिने निंदण-खुरपणाचा रोज मिळायचा. तो बायकांचा हक्काचा रोज होता; पुरुष निंदायला बसत नाहीत. आधी एका शेतकऱ्यानं तणनाशक फवारलं, मजूर मिळत नाहीत म्हणून. मग दुसऱ्यानं. आता पाठीवर पंप घेतलेला एक माणूस वीस बायकांचं निंदण एका दिवसात उरकतो, आणि तो रोज पुरुषाच्या खिशात जातो. सोयाबीनची सोंगणी तेवढी उरली होती, तिच्यावरही हार्वेस्टर आलं. ‘‘त्यानं पह्यलं पाऊल ठेवलं तवा आमाले बी बरं वाटलं, कंबर वाचली म्हनून. दुसरं ठेवलं तवा रोज गेला. आता तिसरं कुठी ठेवतो पाहा.’’

मी या जिल्ह्यात दहा-बारा वर्षं काम करते आहे. शेतीतल्या यंत्रांचा बायकांच्या मजुरीवर काय परिणाम होतो, यावर प्रशिक्षणं घेतली आहेत, अहवाल लिहिले आहेत. एवढं नेमकं मला कधी मांडता आलं नाही. बळीच्या डोक्यावर पाय ठेवणारा तो वामन आपल्याकडे कष्टकऱ्यांच्या मनातला कधीच नव्हता. दिवाळीला ओवाळताना आपण ‘बळीचं राज्य येवो’ म्हणतो. पण कंबर वाचली हा पहिला आनंदही तिनं लपवला नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. यंत्र वाईट असं ती म्हणालीच नाही. यंत्र कुणाच्या हाती गेलं आणि वाचलेल्या वेळेचा पैसा कुठे गेला, एवढंच तिनं विचारलं. आणि हे विचारायला तिला वाट करून दिली ती नारळीकरांच्या कादंबरीनं, तिच्या सपाट पात्रांसकट.

तिसऱ्या बैठकीला ‘पुत्रवती भव’ वाचली. मुलगा हवा तर मुलगाच होईल, अशी सोय विज्ञानानं करून दिली तर काय होईल, या कल्पनेवरची ही कथा. सोनोग्राफीचं यंत्र आमच्याकडे तालुक्यातालुक्यांत पोहोचलं त्याच्या कितीतरी आधी हे लिहिलं गेलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. आपल्या मैत्रिणींनी लढून १९८८ साली महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करून घेतला, १९९४ साली तो देशाचा झाला. तरी २०११ च्या जनगणनेत आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली नऊशेहून बऱ्याच कमी भरल्या. सिंदखेडराजा याच जिल्ह्यात. दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी लाखोंची गर्दी लोटते.

चर्चा अशी निघाली की मुली कमी झाल्या तर त्यांची किंमत वाढेल की नाही. एका आशाताईंना वाटत होतं, वाढेल. हुंडा तरी थांबेल. दुसरी म्हणाली, ‘‘किंमत वाढते, मान नाई वाढत.’’ तिनं आसपासच्या गावांत दलालामार्फत, पैसे मोजून, लांबून आणलेल्या सुनांची गोष्ट सांगितली. भाषा येत नाही, माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता, तो सगळ्यांनी मोबाईलवर पाहिला होता. त्यावर हसणं झालं. आणि हसणं ओसरल्यावर आमच्यातली एक पन्नाशीची बाई खाली बघत म्हणाली, ‘‘माह्या दोन गेल्या.’’

कुणी काही विचारलं नाही. तिनंच पुढे सांगितलं. थोरली मुलगी, मग दोनदा तपासणी, दोनदा ‘साफ करून’ आणलं, मग मुलगा. तेवीस वर्षं झाली. त्या मुलाला आता बायको मिळत नाही. ती रडली नाही. पुस्तकाकडे बोट दाखवून तिनं विचारलं, ‘‘या गोष्टीत तपासाच्या टेबलावर झोपलेल्या बाईचं काही लिवलं काय?’’

बाईंनी पानं उलटली आणि पुस्तक मिटलं.

माझी तक्रार ही आहे. नारळीकर ‘असं झालं तर?’ हा प्रश्न निर्भीडपणे विचारतात आणि तर्क न सोडता त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करतात. ही सवय आपल्या चळवळीनं त्यांच्याकडून उचलावी. आपण ‘असं झालं’ हे सांगण्यात तरबेज आहोत, ‘झालं तर’ म्हणायला बिचकतो. पण प्रश्न विचारताना ते उभे असतात प्रयोगशाळेत. तिथून समाज दिसतो, आकडे दिसतात, सरकार दिसतं. तपासणीचं टेबल दिसत नाही. हा त्यांच्या मनाचा खोटेपणा आहे असं मी म्हणणार नाही. ते जिथे उभे होते तिथून दिसलं ते त्यांनी लिहिलं. आणि त्यांच्या अगदी शेजारी दुसरी गोष्ट होती. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ. लग्नाआधी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होत्या, मग संसार, मुली, आणि पीएच.डी. झाली ती १९८१ साली, लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर. घरच्या जबाबदाऱ्यांना करिअरच्या आधी जागा द्यावी लागली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे ‘गणितगप्पा’सारखी पुस्तकं लिहून त्यांनी मुलांच्या मनातली गणिताची भीती घालवली. २०२३ साली त्या गेल्या. एखादी मोठी विज्ञान-कादंबरी या जागेवरून सुरू झाली असती तर कशी असती, असं मला सारखं वाटतं.

गेलेल्या माणसाविषयी असं बोलावं का, हा आक्षेप बाईंचा शेवटपर्यंत राहिला. मी त्यांना आमच्याच जिल्ह्यातल्या बाईची आठवण दिली. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांचं ‘स्त्री पुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला शिक्षा झाली त्या निमित्तानं लिहिलेलं. त्यात त्यांनी शास्त्रांची झडती घेतली हे आपण नेहमी सांगतो. त्या काळी लोक आवडीनं वाचत-बघत असलेल्या नाटक-कादंबऱ्यांत बायका कशा रंगवतात, याचीही त्यांनी झडती घेतली हे आपण विसरतो. म्हणजे बुलढाण्यात बायकांनी कादंबरीवर भांडणं आजचं नाही. पुढे ते पुस्तक जवळजवळ नाहीसंच झालं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

भांडणानं लेखकाचं काही बिघडतं असंही नाही. अर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेनं १९६९ साली एक कादंबरी लिहिली. तिच्यातल्या ग्रहावर माणसं कायमची बाई किंवा कायमचा पुरुष नसतात. पण इंग्रजीत लिहिताना तिनं त्या सगळ्यांना ‘तो’च म्हटलं. वाचक बायकांनी तिला जाब विचारला. १९७६ साली तिनं लेख लिहून स्वतःची बाजू मांडली, आणि १९८७ साली त्याच लेखाला टिपा जोडून आपलं चुकलं असं मान्य केलं. वाचकांनी आदरानं गप्प बसायचं ठरवलं असतं तर हे झालं नसतं. (मराठीत ती कादंबरी आणायची तर पंचाईत आणखी मोठी. इथे क्रियापदसुद्धा बाई की पुरुष हे विचारल्याशिवाय हलत नाही. आपलं ‘मूल आलं’ कामाला येईल कदाचित.)

आणि आपल्याकडे हे कुणी केलंच नाही असंही समजू नका. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिली. तिच्यात पुरुष पडद्यात आहेत आणि बाया सूर्याची उष्णता वापरून शत्रूला पळवून लावतात. ताराबाईंनंतर अवघ्या तेवीस वर्षांनी! मराठीत शुभदा गोगटे यांनी ‘यंत्रायणी’ लिहिली. आमच्या गटातल्या एकीनंही तिचं नाव ऐकलं नव्हतं, माझ्यासकट. नारळीकरांचं नाव मात्र सगळ्यांना माहीत होतं, आठवी शिकलेलीलासुद्धा.

बी.एस्सी.वाल्या मुलीनं वहीत काहीतरी लिहायला घेतलं आहे. दाखवत नाही. एवढं कळलं की ते लोणारचं आहे. आकाशातून दगड पडून झालेलं ते विवर आमच्याच जिल्ह्यात. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्या भागात नाना वावड्या उठल्या होत्या; खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, हे पुण्याच्या शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं. तिच्या गोष्टीत ते पाणी तपासायला एक बाई उतरते, असं तिनं बोलता बोलता सांगून टाकलं. तिच्या घरी मुलगा बघणं चालू आहे. पत्रिका अजून जुळत नाही, त्यामुळे लिहायला वेळ मिळतो म्हणते.

पुढच्या बैठकीला आम्हाला ‘यंत्रायणी’ वाचायची आहे. चिखलीत आणि बुलढाण्यात शोधली, मिळाली नाही. वाचकांपैकी कुणाकडे प्रत असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. वाचून, नीट कव्हर घालून परत पाठवू. टपालखर्च आमचा.